नक्षली गेले, आता दारूबंदीपण जाऊ द्यायची का?

प्रश्न : ताई, मी वडश्याचा. आमच्या गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, पण मिळते सगळीच, वैनगंगेचा पूल ओलांडला की ब्रह्मपुरीत लायसनची दुकानंच आहेत. आता नक्षलवादपण संपत आला, सुरजागडला खाणी आल्या, मग परवाने देऊन टाकले तर सरकारला टॅक्स तरी मिळेल ना? तुमचं पर्सनल मत सांगा.

उत्तर : दादा, माझं स्पष्ट मत, नको. चोरून मिळते हे खरंच आहे, नाही कोण म्हणतंय, चंद्रपूरचीही २०१५ला लागलेली बंदी २०२१ला उठवताना हेच कारण पुढे केलं होतं. पण तुमच्याकडची बंदी मुंबईहून आपोआप आलेली नाही, बायाबापड्यांनी गावोगाव ठराव केले, वर्षानुवर्षं मोर्चे काढले, तेव्हा कुठे ती मिळाली.

आणि नक्षलवाद्यांचा आणि बंदीचा संबंध जोडू नका हो. नक्षलवाद्यांचा मोठा नेता भूपती, त्यानं ऑक्टोबर २०२५ मध्ये साठ जणांसोबत गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली, फार चांगलं झालं, पण म्हणून बायकांनी मिळवलेलं कसं काय सोडायचं? पलीकडे आंध्रात पीपल्स वॉर ग्रुप या नक्षली संघटनेनं बंदुकीच्या धाकानं देशी दारूची दुकानं बंद पाडली होती. दारू मलाही नको, तरी हे मला मान्य नाही, कारण धाकानं घेतलेला निर्णय गावाचा नसतो. त्याच आंध्रात नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंटाच्या बायका १९९२ला साक्षरता वर्गात शिकता शिकता उठल्या आणि हातात बंदूक न घेता गावातली दारू बंद केली, पुढच्याच वर्षी ती देशी दारू राज्यभर बंद झाली. मला हा रस्ता पटतो.

आता परवान्याचं बघा. एकदा लायसनचं दुकान गावात बसलं की ते उठवायला उभी बाटली-आडवी बाटलीचं मतदान (उभी म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद करा), त्याआधी पंचवीस टक्के मतदार बायकांच्या सह्या, आणि यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडायला हवीत, झालेल्या मतदानाच्या निम्मी नाही बरं का. तुमच्याकडच्या किती बाया मिरची तोडायला तेलंगणात जातात, किती मुली लग्न होऊन गेल्या तरी नाव यादीत आहेच, ही सगळी न पडलेली मतं दुकानवाल्याच्याच कामी येतात. सुधारणा करायचीच तर आधी इथे करा, पडलेल्या मतांवर निकाल लावा आणि दुकान उघडायच्या आधीच बायकांना विचारा, नंतर नाही. टॅक्सचा हिशोब तुम्ही मांडलात, पण ज्या घरातला मजुरीचा पैसा त्या दुकानात जाणार त्या घराचा हिशोब कोण मांडणार?

दादा, तुमच्या घरातल्या बायकांना विचारलंत का हो? त्या काय म्हणतात ते मला जरूर कळवा.