माझा मुलगा बेसबॉलमध्ये सगळ्या जागांवर खेळतो. त्याने एकच जागा पकडावी का? बेन झोब्रिस्टसारखे खेळाडू खरंच मोठे असतात की नुसते कामचलाऊ?

तुम्ही लिहिलंय की मुलगा न्यू जर्सीत हायस्कूलच्या टीममध्ये आहे, कोच त्याला आज सेकंड बेसला तर उद्या राइट फील्डला पाठवतो, आणि घरात सगळे त्याच्या मागे लागलेत, "अरे, तुझी नक्की जागा कोणती?" हे शेवटचं वाक्य वाचलं आणि गप्प बसवेना. हाच प्रश्न माझ्याबद्दलही एकदा विचारला गेलाय. तेही सांगते, पण आधी झोब्रिस्ट, अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये जागा बदलत खेळलेला खेळाडू.

त्याला कामचलाऊ म्हणणाऱ्याने २००९चा त्याच्या संघाचा, टँपा बे रेजचा, सीझन उघडून बघावा. पिचर (बॉल टाकणारा) आणि कॅचर (बॅटरमागे बॉल पकडणारा) सोडून बाकी सातही जागांवर तो त्या वर्षी उभा राहिला. बॅटिंग ॲव्हरेज .२९७, होमरन २७, ऑल-स्टार संघात निवड. वॉर, म्हणजे साध्या बदली खेळाडूपेक्षा संघाला किती जास्त विजय मिळवून दिले त्याचा आकडा, ८च्या वर, म्हणजे त्या वर्षी अख्ख्या अमेरिकन लीगमध्ये त्याच्या तोडीचे मोजकेच होते. आणि हा माणूस दोनच वर्षांपूर्वी .१५५वर अडकून ट्रिपल-एला, म्हणजे मेजर लीगच्या एक पायरी खाली, परत पाठवला गेला होता. आला होता शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधली जागा) म्हणून. त्याआधी, शाळा संपली तेव्हा तर एकाही कॉलेजने त्याला विचारलं नव्हतं. इलिनॉयमधलं युरेका नावाचं छोटं गाव, वडील पाद्री. वाढदिवसाचे ५० डॉलर भरून तो एका ट्रायआउटला गेला आणि तिथून एका लहानशा कॉलेजचं दार उघडलं.

आता नीट बघा, रेजचा मॅनेजर जो मॅडन त्याला फिरवायचा म्हणजे काय करायचा. तेव्हा संघात २५ जण. त्यातले बाराएक पिचर, नऊ जण मैदानात आणि डीएचला (पिचरऐवजी फक्त बॅटिंग करणारा). बाकावर उरले चार, त्यातला एक राखीव कॅचर. म्हणजे कुणाचं काही दुखलं-खुपलं तर हाताशी तीनच माणसं. अशा वेळी डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी बॅटिंग करणारा आणि सात जागा सांभाळणारा एक माणूस असला की मॅनेजरला बाकावर आणखी दोन माणसं मिळाल्यासारखी होतात. त्या वर्षी मे महिन्यात सेकंड बेसवाल्या अकिनोरी इवामुराचा गुडघा गेला. दुसऱ्या संघाने बाहेरून माणूस शोधला असता. रेजने झोब्रिस्टला तिकडे सरकवलं. पण मुद्दा हा की झोब्रिस्ट बाकावर नसायचा. जागा बदलायची, खेळणं चुकायचं नाही. मॅडन त्याला रोज कुठे ना कुठे लिहायचाच.

हे "लिहायचा" माझ्या फार जिव्हारी लागतं, त्याचं कारण ऐका.

मी खानदेशातली. आमच्याकडे मुली सॉफ्टबॉल चांगला खेळतात. शाळेच्या टीममध्ये मी सगळं करायचे. कॅचर आजारी, मी कॅचर. लेफ्ट फील्डवालीची परीक्षा, मी लेफ्ट फील्ड. पोरी मला बटाटा म्हणायच्या, कोणत्याही भाजीत घाला. मला राग नव्हता, उलट मिरवायचे. सर म्हणायचे, टीमला गरज असेल तिथे उभं राहायचं. मला ते तेव्हाही पटायचं, आजही पटतं.

मग राज्याच्या संघाची निवड चाचणी आली. सकाळी मैदानावर फक्कीने डायमंड आखलेला. निवड समितीच्या बाईंनी शिट्टी मारली आणि म्हणाल्या, पिचर इकडे, कॅचर तिकडे, इनफिल्ड, आउटफिल्ड, आपापल्या रांगा करा. मिनिटभरात सगळ्या पांगल्या आणि मी होम प्लेटपाशी एकटी उभी. शेवटी शॉर्टस्टॉपच्या रांगेत घुसले, कारण माझी जिवलग मैत्रीण तिथे होती आणि मला खरं तर तीच जागा आवडायची. तेवढ्यात सर आले. "कॅचर कमी आहेत, तिकडे जा, लगेच नंबर लागेल." त्यांनी मैत्रिणीलाही हाक मारली होती. तिने ऐकू न आल्यासारखं केलं. मी गेले.

लेग गार्ड कुणाचे तरी उसने, एका पायाची पट्टी तुटलेली. मी उजव्या बुटाची नाडी काढली आणि गार्ड पोटरीला गुंडाळून बांधला. पहिलाच थ्रो सेकंड बेसला करायचा होता. उठले, पाय रोवला, पाय बुटातून बाहेर आणि बॉल थेट सेंटर फील्डला. पोरी खदखदल्या. पुढचे थ्रो बरोबर बसले, एक तर अगदी बॅगेच्या उंचीला गेला, अजून आठवतो. मग सरच पुढे होऊन म्हणाले, "मॅडम, ही आउटफिल्डपण करते. इनफिल्डपण." बाईंनी कागदावर पेन टेकवलं. "हो, पण हिला लिहू कुठे?"

सर हसले. म्हणाले, "लिहा कुठेही."

यादी लागली त्यात मी कुठेच नव्हते. मैत्रीण होती. ती पुढे राष्ट्रीय खेळली, पदक आणलं, खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणातून नोकरीला लागली. तिची पात्रता होती, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण शाळेच्या ग्रुपवर विषय निघाला की ती अजून मला ऐकवते, "तू रांग सोडलीस, तिथेच गेलीस." आणि मी दर वेळी सांगते की बाई, रांग सोडली हे खरं, पण ज्याच्या सांगण्यावरून सोडली त्याने माझ्यासाठी एक वाक्य नीट बोलायला नको होतं का? "हिला पहिल्या नऊत घ्या, जागा मी सांगतो" एवढंच. सगळीकडे खेळवून घ्यायचं आणि निवडीच्या वेळी "कुठेही" म्हणून मोकळं व्हायचं, याला मी टीमसाठी त्याग वगैरे म्हणत नाही.

झोब्रिस्टच्या बाबतीतही पैशाचा हिशेब उशिराच झाला. त्या झकास सीझननंतर रेजने चार वर्षांचे १.८ कोटी डॉलर हक्काचे दिले, पुढची दोन वर्षं क्लबच्या मर्जीवर. तेवढ्याच ताकदीचा पण एका जागेवरचा खेळाडू यापेक्षा खूप जास्त घेऊन गेला असता, असं माझं स्पष्ट मत आहे. २०१५मध्ये तो आधी ओकलंडला गेला, मग जुलैत कॅन्सस सिटीने घेतला, कारण त्यांचा लेफ्ट फील्डर ॲलेक्स गॉर्डन जायबंदी होता. गॉर्डन परत आल्यावर हा सेकंड बेसला, आणि वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची अंतिम मालिका, जिंकून मोकळा. तेव्हा कुठे, चौतिशीत, शिकागो कब्जने चार वर्षांचे ५.६ कोटी मोजले. त्याच्यासाठी सेकंड बेस रिकामा करायला त्याच दिवशी स्टार्लिन कॅस्ट्रोला यँकीजकडे पाठवला. आयुष्यात पहिल्यांदा जागा पक्की झाली म्हणायची.

आणि २०१६च्या वर्ल्ड सिरीजमध्ये तो कुठे होता? लेफ्ट फील्डला! सेकंड बेसला हावियेर बाएज हे तरुण पोरगं इतकं भारी खेळत होतं की म्हातारा सरकला. सातवा सामना, क्लीव्हलंड, दहावी इनिंग, नुकताच पाऊस थांबलेला, ६-६. समोर क्लीव्हलंडचा पिचर ब्रायन शॉ, कब्जच्याच आधीच्या बॅटरला, रिझोला, मुद्दाम वॉक (फुकट पहिला बेस) दिलेला. म्हणजे झोब्रिस्ट परवडेल असा त्यांचा हिशेब होता. याने डावखुरी बॅट लावून बॉल थर्ड बेसच्या बाजूने लेफ्टच्या रेषेलगत काढला, डबल, ७-६. आपल्याकडे तेव्हा सकाळचे दहा वाजत आले होते, भाऊबीज होऊन दोन दिवस झालेले, मी माहेरी फोन हातात धरून किंचाळले आणि आईला वाटलं, गॅसवर काहीतरी सांडलं. कब्ज १९०८नंतर पहिल्यांदा जिंकले. सिरीजचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, झोब्रिस्ट.

उत्तम फील्डिंगसाठीचं गोल्ड ग्लोव्ह मात्र त्याला कधीच मिळालं नाही. ते तेव्हा फक्त जागेनुसार द्यायचे. युटिलिटी, म्हणजे अनेक जागांवर खेळणाऱ्या खेळाडूसाठी वेगळं गोल्ड ग्लोव्ह २०२२पासून सुरू झालं, तो २०१९ला शेवटचा सामना खेळून घरी गेल्यावर. हिला लिहू कुठे, हा प्रश्न अमेरिकेतही होताच.

तुमच्या मुलाचं काय? त्याला जागा पकड म्हणून मागे लागू नका. कोचला भेटा आणि जागा विचारूच नका. विचारा, बॅटिंग ऑर्डरमध्ये याचं नाव रोज असतं का? असेल तर फिरू दे खुशाल, तो झोब्रिस्टच्या वाटेवर आहे. कुणी गैरहजर असेल तेव्हाच आठवण येत असेल तर तो कामचलाऊच, मग त्याने शॉर्टस्टॉपला ठाण मांडलेलं बरं. आणि दुसरं, पुढे कॉलेजच्या लोकांशी बोलायची वेळ येईल तेव्हा कोच याच्याबद्दल नेमकं काय सांगणार आहे, हे आत्ताच त्याच्या तोंडून वदवून घ्या. "कुठेही चालतो" असं उत्तर आलं तर तिथेच भांडा. संकोच करू नका, मीही करायला नको होता असं मैत्रीण म्हणते, तिला काय बोलायला जातंय.

हे सगळं मी मुलींच्या सॉफ्टबॉलवरून बोलतेय, अमेरिकेतल्या कॉलेजच्या भरतीचे बारकावे तिथल्या पालकांना विचारा. बॅटिंग धड नसेल तर वरचं सगळं रद्द. झोब्रिस्टला सात जागा मिळाल्या त्या त्याच्या बॅटमुळे, ग्लोव्ह्जमुळे नव्हे.

हो, एक राहिलंच. फिरवण्यात पिचर आणि कॅचर या दोन जागा एकाच दिवशी येत असतील तर ते अजिबात चालवून घेऊ नका, खांदा-कोपर कायमचा जातो. लहान मुलांच्या लिटल लीगमध्ये तर नियमच आहे, ४१ किंवा त्याहून जास्त पिचेस टाकले की त्या दिवशी कॅचरला उभं राहता येत नाही. तुमचा मुलगा त्या वयाच्या पुढे गेलाय, पण हात तोच आहे.