गिटमध्ये फाइल टाकताना

गिट म्हणजे फाइलींमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन. सगळे जण सुरुवातीला त्यात ‘गिट ॲड’ ही कमांड लिहून पुढे टिंब देतात आणि फोल्डरमधलं असेल नसेल ते आत ढकलतात. तू निदान पहिले काही दिवस फाइलचं नाव लिहून ॲड कर, आणि कुठल्या फाइली बदलल्यात ते दाखवणारं ‘गिट स्टेटस’ आधी बघ. कंटाळवाणं आहे, पण काय आत जातंय ते कळतं.

ॲड केलं म्हणजे फाइल जतन झाली असं नाही. त्या क्षणी फाइल जशी होती तशी ती पुढच्या कमिटसाठी, म्हणजे बदलांच्या पक्क्या नोंदीसाठी, बाजूला काढली जाते, एवढंच. त्यानंतर एक ओळ जरी बदललीस तरी पुन्हा ॲड करावं लागतं. नाहीतर कमिटमध्ये जुनीच प्रत जाते. मी यात कितीदा फसलोय!

पासवर्ड असलेली फाइल मात्र पहिल्या कमिटआधीच गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत, टाक. एकदा कमिट झाली की नंतर तिथे नाव लिहून उपयोग नाही, गिट तिच्यावर लक्ष ठेवतच राहतं. फाइल पुसलीस तरी जुन्या कमिटमध्ये ती सापडतेच. पुश झालं असेल, म्हणजे कमिट सर्व्हरवर गेलं असेल, तर सरळ पासवर्डच बदल.

आणि हो, रिकामा फोल्डर गिट घेतच नाही. तुझं काही चुकलेलं नसतं.