परवडत असूनही सोडून दिलेल्या क्लासिक गाडीचा आज पश्चात्ताप होतो का?

तुम्ही विचारलंय की एखादी जुनी, देखणी गाडी समोर चालून आली, घेता येत होती, तरी 'बघू नंतर' म्हणून सोडली आणि आता तिच्या किमती बघून जीव जळतो. असं आणखी कुणाचं झालंय का, आणि या हळहळीचं करायचं काय?

झालंय. पण या विषयावरच्या गप्पांत निम्म्याहून जास्त पश्चात्ताप उसना असतो, तो आधी बाजूला काढू. 'फेरारी २५० जीटीओ एके काळी कवडीमोलाने जात होती हो, घेऊन ठेवायला हवी होती' असं उसासून सांगणाऱ्याला ती कुणी कधी देऊ केलेली नसते. आत्याबाईला मिशा असत्या तर, त्यातलाच हा प्रकार.

जीटीओची गोष्ट मात्र ऐकण्यासारखी आहे. १९६२ ते १९६४ या काळात अशा ३६ गाड्या बनल्या. मुळात शर्यतीची गाडी. तिच्यापेक्षा वेगवान गाड्या आल्या तशी तिला कुणी विचारेना. त्यातली एक टेक्सासमधल्या एका हायस्कूलला देणगी मिळाली, मुलांना गाडीकाम शिकवायला! शाळेने १९७२ मध्ये ती साडेसहा हजार डॉलरला विकली आणि पुढे कित्येक वर्षं ती उघड्या शेतात ट्रेलरवर पडून होती. २०१८ मध्ये दुसऱ्या एका जीटीओला लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलर आले. आता शाळेला वेड्यात काढणं सोपं आहे. पण तेव्हा ती म्हणजे एक थकलेली शर्यतीची गाडी होती, आवाज करणारी आणि रोजच्या वापराला अगदीच बिनकामाची.

दुसरी बाजू कुणी फारशी सांगत नाही. १९८८ मध्ये फेरारी कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारी गेले आणि त्यांच्या गाड्यांच्या आधीच चढत्या किमती अक्षरशः पिसाटल्या. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तो फुगा फुटला. ऐन तेजीत कर्ज काढून गाडी घेतलेले लोक पुढे बरीच वर्षं गप्प होते. न घेतल्याची हळहळ चारचौघांत मिरवता येते, महागात घेतल्याची गिळावी लागते.

म्हणून मी माझ्या हळहळीला तीनच गोष्टी विचारतो. गाडी खरंच हाताशी आली होती का? ठेवायला छप्पर आणि दुरुस्तीला पैसा होता का? आणि मुख्य म्हणजे आजपर्यंत ती मी ठेवली असती का? पहिल्या दोन्हींतून तरलेला पश्चात्ताप तिसऱ्यात बुडतो. चार पैसे जास्त मिळतायत म्हटल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बहुतेकांनी गाडी फुंकलीच असती.

माझ्या हाताशी आलेली स्वप्नातली गाडी म्हणजे फ्रेंच कंपनीची सिट्रोएन डीएस. १९५५ च्या पॅरिस मोटर शोमध्ये ती आली तेव्हा पहिल्याच दिवशी बारा हजारांच्या आसपास ऑर्डरी लागल्या होत्या, आणि का ते तिच्यापुढे उभं राहिल्यावर कळतं. चावी फिरवली की गाडी एकदम उठत नाही. आधी जमिनीला पोट टेकून बसल्यासारखी असते, मग हायड्रॉलिकचा, म्हणजे ऑइलचा दाब येतो तशी सावकाश वर येते. ब्रेकला नेहमीचं पेडल नाही, अळंबीसारखं गोल रबरी बटण आहे. स्टिअरिंगला एकच दांडी. मी तिथेच अर्धा विकला गेलो होतो.

मग विकणाऱ्याने कौतुकाने मागचा एक बोल्ट सोडला आणि अख्खं मडगार्ड हातात काढून दाखवलं. मागचं चाक बदलायचं तर डीएसला ते काढावंच लागतं. त्याला दाखवायची होती कारागिरी. मला दिसला आतला सांगाडा. डीएसचे बाहेरचे पत्रे भार घेत नाहीत, ते नुसते बोल्टने अडकवलेले असतात. त्यामुळे वरून आरशासारखी चकाकणारी गाडी खाली पार सडलेली असू शकते. या गाडीच्या सांगाड्याच्या, दारांखालच्या कडेच्या पेटीत स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर टोक आत गेलं. वर आणखी एक शंका होती. सुरुवातीच्या डीएसमध्ये हायड्रॉलिकला लाल ऑइल असे आणि नंतरच्यांत हिरवं मिनरल ऑइल आलं. चुकीचं घातलं की रबरी सील कामातून जातात. त्या ऑइलच्या टाकीत नेमकं काय आहे हे विकणाऱ्याला सांगता येईना. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला झाला असता. ती गाडी सोडली त्याचं मला काडीचंही दुःख नाही.

दुःख आहे ते एका साध्या मर्सिडीजचं. डब्ल्यू १२३ मालिकेतली २४० डी, चार सिलिंडरची डिझेल. १९७६ पासून पुढच्या दहा वर्षांत या मालिकेच्या सुमारे २७ लाख गाड्या निघाल्या. जगभर टॅक्सी म्हणून राबल्या. तिच्या आधीच्या मॉडेलची २४० डी एका ग्रीक टॅक्सीवाल्याने ४६ लाख किलोमीटर चालवली, ती आज कंपनीच्या संग्रहात आहे. पळायला म्हणाल तर ही गाडी अगदीच मठ्ठ. ताशी शंभरचा वेग गाठेपर्यंत मागच्याचा हॉर्न ऐकून घ्यावा लागतो.

ती एका निवृत्त गृहस्थांकडे होती, पहिल्या मालकाकडेच. प्रत्येक वेळी भरलेलं डिझेल, बदललेलं ऑइल, सगळं त्यांनी वहीत टिपून ठेवलेलं. "बसून तर बघा," म्हणाले. चावी अर्धी फिरवायची, पिवळा दिवा विझेपर्यंत थांबायचं, मगच सुरू करायची. घाई असलेल्या माणसाची ती गाडीच नव्हे. उतरल्यावर त्यांनी ड्रायव्हरचं दार लॉक केलं आणि बाकीच्या दारांच्या खुंट्या क्षणभर थांबून आपापल्या खाली गेल्या. त्यात विजेची मोटर नाही, सगळा व्हॅक्यूमचा, म्हणजे हवा खेचून घेण्याचा खेळ. इंजिन बंदही त्याच व्हॅक्यूमने होतं. कुठे गळती लागली तर चावी काढली तरी गाडी धडधडत राहते, आणि बॉनेट उघडून हाताने 'स्टॉप'चा खटका दाबावा लागतो. काकांनी तोही दाबून दाखवला.

मी म्हटलं, या काय, गल्लोगल्ली आहेत. यापेक्षा चांगली मिळेल. तेव्हा ते खरंच होतं. पण दुर्मिळ गाडीला पहिल्या दिवसापासून सांभाळणारे असतात, आणि गल्लोगल्ली असणाऱ्या गाडीला कुणीच नसतं. ती झिजेपर्यंत वापरतात आणि भंगारात घालतात. मग एके दिवशी धड एकही दिसत नाही. पुढे मी अशा बऱ्याच बघितल्या. कुणाचे तळाचे पत्रे गेलेले, कुणात भलतंच इंजिन बसवलेलं, आणि वही तर कुणाकडेच नव्हती. काकांची गाडी लवकरच दुसऱ्या कुणी नेली. तिची आजची किंमत मी मुद्दाम बघत नाही, कारण ती घेतली असती तर विकली नसती. तिसऱ्या प्रश्नाला टिकलेली माझी तेवढी एकच गाडी.

तेव्हा तुमच्या हळहळीचं करायचं काय? गेलेल्या गाडीच्या लिलावाचे आकडे बघणं सोडा आणि आज कुणी ढुंकून बघत नाही अशी पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची साधी गाडी शोधा. पहिला मालक, सगळी बिलं, मूळ इंजिन. लोहचुंबक खिशात ठेवा, पुट्टी भरलेल्या जागी ते चिकटत नाही. इंजिन थकलेलं असलं तरी चालेल, ते बांधता येतं. सडलेला सांगाडा मात्र वेळ आणि पैसा दोन्ही खातो.

त्या काळच्या गाड्यांत गंजाच्या जोडीला वायरिंगही बघावं लागतं. नव्वदच्या दशकाच्या मध्यावरच्या कित्येक मर्सिडीजमध्ये इंजिनच्या वायरिंगचं वरचं कवच उष्णतेने ठिसूळ होऊन गळून पडतं, आणि मग गाडी कधी थरथरते, कधी मध्येच बंद पडते. इंजिन थंड असताना एखादी वायर चिमटीत धरून हलकेच वाकवा. कवच तडकलं, तर नव्या हार्नेसचा, म्हणजे वायरिंगच्या अख्ख्या जुडग्याचा खर्च किमतीतून वळता करून मगच बोलणी सुरू करा.