लिबर्टेरियन विचार, म्हणजे माणसाच्या आणि बाजाराच्या व्यवहारात सरकारनं कमीत कमी पडावं हा विचार, फक्त बड्या उद्योगपतींची वकिली आहे का? मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला त्याचा काय उपयोग?

उलट आहे. आपल्याकडं हा विचार उद्योगपतींनी नाही, शेतकऱ्यांनी गाजवला. शरद जोशींची शेतकरी संघटना आठवा: 'भीक नको, हवे घामाचे दाम'. सरकारनं मदत करावी यापेक्षा आधी आडवं येऊ नये, ही मागणी.

कापूस एकाधिकार खरेदी बघा. 1972 पासून जवळपास तीस वर्षं आपला कापूस सरकारलाच घालायचा, राज्याबाहेर विकला तर गुन्हा. किनवटच्या माणसाला आदिलाबादचा बाजार हाकेच्या अंतरावर, पण तिथं कापूस न्यायचा म्हणजे तस्करी! स्वतःच्याच रानातल्या मालाची.

आताचं म्हणाल तर डिसेंबर 2021 मध्ये सोयाबीन, हरभऱ्याच्या वायदे बाजारावर, म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाचा भाव आजच ठरवणाऱ्या व्यवहारांवर, बंदी आली. शिवाय 1955 चा आवश्यक वस्तू कायदा आहेच. डाळ महागली की साठ्यावर मर्यादा, आणि लातूरच्या आडतीत व्यापारी हात आखडता घेतो. ग्राहकाला स्वस्त डाळ मिळते, ती तुरीवाल्याच्या खिशातून.

मात्र हा विचार मानणारे बहुतेक लोक सरकारच नको असं म्हणत नाहीत. कोर्ट, पोलीस, मालमत्तेचं रक्षण हवंच.

मला हा विचार पाण्यापाशी अडखळतो असं वाटतं. ज्याच्याकडं पैसा त्यानं खोल बोअर घ्यायचा आणि शेजाऱ्याची विहीर आटायची, हे कसलं स्वातंत्र्य? 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेही सरकारलाच. अर्थात उसाला पोसणारी धोरणंही सरकारचीच होती म्हणा.