शिंग ठेवायचं कुठे?

प्रश्न : पुढच्या महिन्यात आम्ही दोघं जॉर्जियाला जातोय. काखेतीत वाइन बनवणाऱ्या एका कुटुंबाच्या घरी तीन रात्री मुक्काम आहे. तिथे म्हणे जेवायला बसलं की ग्लास उंचावून टोस्टवर टोस्ट होतात. मला अर्धा ग्लास पुरतो. नको म्हटलं तर यजमान दुखावतील का? आणि घरी काढलेली चाचा नावाची दारू प्यावी का?

उत्तर : ताई, अर्धाच ग्लास घेतला म्हणून कुणी दुखावणार नाही. टोस्टच्या आधी घोट घेतलात तर मात्र भुवया उंचावतील. मी पहिल्याच रात्री तेच केलं. घसा कोरडा पडला होता, समोर भरलेला ग्लास होता, लावला तोंडाला. कुणी काही बोललं नाही, पण सगळे बघतच राहिले.

तिथल्या पंगतीला सुप्रा म्हणतात. तिचा म्होरक्या तमादा. तो पाहुण्यांबद्दल, गेलेल्या माणसांबद्दल चांगलं ऐसपैस बोलणार, मग सगळे ‘गाउमारजोस’ म्हणून पिणार. मधल्या वेळात खायचं. तहान लागलीच तर पाणी मागा. दर टोस्टला ग्लास उचला, बोलणाऱ्याकडे बघा, ओठ ओले करा, बस. ग्लास भरलेला असला की वरून ओतायला जागाच राहत नाही. ‘बोलोमदे’, म्हणजे तळापर्यंत, अशी आरोळी आली तर यजमानीणबाईंकडे बघा. मला तरी त्यांनीच सोडवलं. (बिअरने टोस्ट नको. जुन्या समजुतीप्रमाणे ती नावडत्या माणसासाठी.)

तमादा ‘अलावेर्दी’ म्हणाला की बोलायची पाळी तुमची. बिनधास्त मराठीत बोला. मी आईबद्दल बोलले. एक अक्षर कळलं नसेल, तरी घरातल्या आजींनी डोळे पुसले.

जपायचं ते कांत्सीपासून, म्हणजे वाइन प्यायच्या शिंगापासून. त्याला बूड नसतं, त्यामुळे भरलेलं असताना टेकवताच येत नाही. मी माझं हळूच नवऱ्याच्या हातात दिलं. सकाळची बस चुकली.

दुसऱ्या दिवशी त्यांची मारानी, म्हणजे वाइनची खोली, दाखवा म्हणा. जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले मातीचे रांजण असतात, क्वेव्री. पांढरी द्राक्षं साल-बियांसकट त्यात पाच-सहा महिने मुरतात, म्हणून वाइनला मधासारखा रंग येतो आणि कोऱ्या चहासारखा तुरटपणा. ही पद्धत २०१३ साली युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. तो अर्धा ग्लास इथे सावकाश घ्या.

चाचा त्याच द्राक्षांच्या चोथ्याची. घरची असेल तर ५० टक्क्यांच्याही वर जाऊ शकते. यजमान रोज जी पितात तीच असेल, तर जेवणानंतर एक छोटा पेला. नकोच असेल तर औषध चालू आहे म्हणा. रस्त्याकडेला प्लास्टिकच्या बाटलीत मिळते ती अजिबात नको. त्यात विषारी मिथेनॉल असलं तर वासावरून कळत नाही, चवीवरूनही नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये लाओसच्या वांग विएंगला तसल्या दारूने सहा परदेशी पर्यटक दगावले.

आणि गाडी भाड्याने घेणार असाल, तर सुप्राच्या दुसऱ्या सकाळी ती तुम्ही चालवा, यजमानांनी नवऱ्याला सोडलेलं नसणार.