रबरी हाताशी काय बोलायचं?

"मॅडम, मी फेल झालो. आता मी नर्स हाय का न्हाई, तेवढं सांगा."

बेळगावकडच्या बायका 'झालो', 'गेलो', 'आलो' असंच बोलतात. सविताचं (नाव बदललं आहे) हे बोलणं मी टिळकवाडीत रात्री साडेआठला ऐकत होते. तिच्याकडे इंग्लंडात दुपारचे चार वाजले होते. हॉस्पिटलनं दिलेली छोटी खोली, पलंगावर ती, मांडीवर उशी. ड्युटीचा ड्रेस अजून अंगावरच होता.

परदेशी नोकरीसाठी गेलेल्या, किंवा जायच्या तयारीत असलेल्या नर्स हल्ली माझ्याकडे समुपदेशनाला बऱ्याच येतात. खानापूर, चिकोडी, निपाणी, अथणी, सगळीकडून. एजंट, पगार, थंडी हे विषय आधी निघतात. तासाभरानं खरी काळजी बाहेर पडते. इथं मी सिनियर सिस्टर, तिथं जाऊन पुन्हा परीक्षा. त्यात नापास झाले तर बारा वर्षांच्या नोकरीला काय अर्थ राहिला? सविताची गोष्ट त्यासाठीच, तिला विचारून, लिहिते आहे.

ती खानापूर तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग बेळगावात जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा, पुढे पोस्ट बेसिक बीएस्सी. बारा वर्षांच्या नोकरीतली सात कोल्हापूरच्या आयसीयूत. नवरा उद्यमबागेत फाउंड्रीत, नऊ वर्षांचा मुलगा आजीजवळ. पतसंस्थेचं कर्ज.

आमची ओळख त्याआधीच्या वर्षातली, आणि तिचं कारण होतं झोप. झोप उडाली होती कागदांपायी. खानापूरच्या मुलीनं बेळगावात शिकायचं आणि कोल्हापुरात नोकरी करायची ही आपल्याकडची साधी गोष्ट, पण कागदांच्या लेखी ती दोन राज्यं. कर्नाटक नर्सिंग कौन्सिलची मूळ नोंदणी, महाराष्ट्रात काम करायचं म्हणून तिथल्या कौन्सिलची वेगळी नोंदणी, आणि आता पडताळणीसाठी एक हेलपाटा बेंगळुरूला, एक मुंबईला. त्यात नाव. दहावीच्या मार्कलिस्टवर वडिलांचं नाव आडनावाच्या जागी, कोल्हापूरच्या नोंदणीत नवऱ्याचं आडनाव, आधारवर तिसरंच स्पेलिंग. जन्मगाव जुन्या कागदांवर 'बेलगाम', 1 नोव्हेंबर 2014 नंतरच्या कागदांवर 'बेळगावी'. गावाच्या नावाचं निस्तरतं, त्याला सरकारी आदेश आहे. माणसाच्या नावाला मात्र प्रतिज्ञापत्र, गॅझेट, पुन्हा अर्ज. जाणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की इंग्रजीचा क्लास लावायच्या आधी सगळे कागद जमिनीवर पसरून नावं जुळतात का बघा. पासपोर्टवर जे नाव, तेच सगळीकडे.

तेव्हा ती चिडून म्हणाली होती, "एवढी नावं हाईत मॅडम, आणि बारा वर्षांत एकानं पण नावानं हाक मारली न्हाई. सिस्टर म्हणूनच गेली." मी हसले होते आणि विसरूनही गेले होते.

ब्रिटनची वाट अशी: नर्सचं लायसन्स देणारी संस्था म्हणजे एनएमसी, नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिल. आधी इंग्रजी. आयईएलटीएसला वाचन, ऐकणं, बोलणं यांत 7 आणि लेखनात 6.5, किंवा ओईटीला तिन्हीत 'बी' आणि लेखनात 'सी प्लस'. सविताचं घोडं लेखनात अडलं. आयईएलटीएसचे निबंध तिला तीनदा पुरले नाहीत. ओईटीत पेशंटची माहिती देऊन पत्र लिहायला सांगतात, म्हणजे ड्युटी बदलताना देतो तो हँडओव्हरच. राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्रीत बेंगळुरू गाठून तिनं तेही केलं. मग सीबीटी, कॉम्प्युटरवरची परीक्षा. 15 प्रश्न औषधांच्या हिशोबाचे, 100 नर्सिंगचे. ती एका झटक्यात पास. शेवटची ऑस्की, म्हणजे काम प्रत्यक्ष करून दाखवायची परीक्षा, ती तिकडे जाऊनच द्यावी लागते. दहा स्टेशनं, म्हणजे दहा टप्पे, कुठे पेशंट म्हणून नट बसवलेला, कुठे रबरी हात, कुठे नुसतं लिहायचं. ती पास होईपर्यंत बँड 3 चा, म्हणजे खालच्या श्रेणीचा पगार, नोंदणी झाली की नर्सचा बँड 5. नोकरी सुरू झाल्यापासून तीन महिन्यांत पहिला प्रयत्न द्यायचा आणि सगळं आठ महिन्यांत उरकायचं, अशी व्हिसाची अट.

ऑस्कीत ती नापास झाली होती, आणि पहिल्या कॉलवर मी चुकले. "अगं, पुढच्या वेळी होशील की पास," असं म्हणून गेले. धीर द्यायची घाई झाली की आमच्या व्यवसायात माणूस ऐकायचं थांबतं. ती "हो मॅडम" म्हणाली. नंतर दोन आठवडे माझ्या मेसेजला उत्तर नाही.

उत्तर आलं तेव्हा मी धीरबीर दिला नाही. म्हटलं, निकालाचं पत्र उघड, दोघी वाचू. तेव्हा कळलं, तिनं ते पूर्ण वाचलंच नव्हतं. 'फेल' एवढं बघून फोन पालथा घातलेला. आम्ही ओळ ओळ वाचलं. दहापैकी सात स्टेशनं पास, तीन नापास. सातपर्यंत स्टेशनं नापास असतील तर तेवढीच परत द्यायची असतात. आठ किंवा जास्त नापास असतील तर पूर्ण परीक्षा. पूर्ण परीक्षेची फी 794 पौंड, थोड्या स्टेशनांची 397. तरीही चाळीस हजारांच्या वर रुपये झाले, पण ती सगळं स्वप्नच बुडाल्यासारखी बसली होती. आणि प्रयत्न एकूण तीन असतात, हा तिचा पहिला.

"तीन कुठली?"

पेशंटची पहिली विचारपूस, औषध देणं आणि दंडातलं इंजेक्शन. आयसीयूत सात वर्षं काढलेल्या बाईची हीच तीन गेली म्हटल्यावर मलाही नवल वाटलं. कारणं वाचली तर हाताची चूक एकही नव्हती. स्वतःचं नाव सांगितलं नाही. पेशंटचं नाव आणि जन्मतारीख तोंडानं विचारून मनगटावरच्या पट्टीशी ताडली नाही. ॲलर्जी विचारली नाही. काय करणार ते सांगून परवानगी घेतली नाही.

"मी बघितलं की पट्टीवर," ती म्हणाली. "डोळ्यानं बघितलं. त्या परीक्षकबाईला दिसलं न्हाई. आणि मॅडम, इंजेक्शनला तर रबरी हात होता. रबरी हाताशी काय बोलायचं?"

हा प्रश्न मला फार आवडला. इंग्रजी कच्चं आहे, म्हणून गेलं, असं तिचं म्हणणं होतं. ओईटीला बोलण्यात 'बी' मिळवलेल्या बाईचं इंग्रजी "माय नेम इज सविता" म्हणण्याइतकं कच्चं नसतं. मी म्हटलं, मांडीवरची ती उशी समोर ठेव. तिला इंजेक्शन दे. मराठीत.

ती लाजली. मग म्हणाली, कोल्हापूरला एक आज्जी होत्या, गडहिंग्लजकडच्या, रोज इंजेक्शनला रडायच्या; ही उशी म्हणजे त्या. आणि सुरू झाली. "आज्जी, झोप लागली का रात्री? बघू दंड. आज ह्या हाताला देते, काल त्या हाताला दिलंतं. जरा मुंगी चावल्यागत होतंय बघा. ढिला सोडा हात. नाव काय म्हणालासा तुमचं? विसरलो मी. आं, गंगुबाई. कशाची खाज-बिज येत न्हाई न्हवं औषधानं?"

नाव विचारलं, कुठल्या हाताला ते सांगितलं, ॲलर्जी विचारली, काय होणार ते सांगितलं. परीक्षकाच्या कागदावरचं बरंचसं. जन्मतारीख, पट्टी, परवानगी आणि स्वतःचं नाव तेवढं राहिलं.

म्हणजे बोलता येत होतं. मग परीक्षेत तोंड का मिटलं? त्याला आणखी दोन रविवार लागले. मी एकदा विचारलं, आज्जींशी हे बोलताना खोलीत दुसरं कोण असायचं? कोणी नाही. आणि राउंडला? "राउंडला कोण बोलतंय मॅडम? फाईल धरायची आणि उभं राहायचं. सरांनी विचारलं तर आकडा सांगायचा." आणि त्याच्याही मागे एक दिवस होता. जीएनएमच्या पहिल्या वर्षाची तोंडी परीक्षा. मराठी शाळेतून आलेली, कन्नड अजून येत नाही, इंग्रजी तोंडात बसलेलं नाही. उत्तर येत होतं. तिन्ही भाषांची खिचडी होऊन बाहेर पडलं आणि समोरचे दोघे हसले. पुढे दोन वर्षांत वॉर्डातल्या पेशंटांकडून ती कन्नड शिकली, फाडफाड. पण हातात कागद घेऊन कोणी बघायला उभं राहिलं की हात चालतात आणि तोंड बंद होतं, हे तेव्हापासूनचं.

सीमाभागात वाढलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला लागत नाही. कचेरीच्या खिडकीपाशी गेलं की आपण आधी समोरच्याची भाषा चाचपतो, आणि चाचपण्यात अर्धं बोलणं गिळतो. मी स्वतः जन्मभर ते केलं आहे.

तेव्हा आमचं काम ऑस्कीची तयारी नव्हतं. ती तिच्या हॉस्पिटलातले शिकवणारे माझ्यापेक्षा शंभरपट चांगली करून घेत होते. आमचं काम, कोणी बघत असताना बोलणं, एवढंच. शेजारच्या खोलीत कोट्टायमची एक नर्स होती. तिला वही देऊन दारात उभं केलं. आधी उशी मराठीत, मग इंग्रजीत. कोट्टायमची मुलगी काही न बोलता नुसती वहीत खुणा करायची, आणि सविताच्या घशाला कोरड पडायची. छातीत धडधड आली की थांबायचं नाही, धडधडतच पुढचं वाक्य म्हणायचं, एवढा एक नियम. सहाव्या दिवशी तिनं मला कळवलं, की वहीवाली उभी आहे हे अर्ध्यात विसरलो.

नावाचं मात्र अडलंच. "स्वतःचं नाव सांगायला कसंतरीच होतंय. मोठेपणा केल्यागत." मी तिला डॉ. केट ग्रेंजरबद्दल सांगितलं. या इंग्रज डॉक्टरीणबाईंना कर्करोग झाला. 2013 मध्ये स्वतः पेशंट म्हणून खाटेवर पडल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की येणारे-जाणारे कोण आहेत ते नावच सांगत नाहीत. त्यांनी 'हॅलो, माय नेम इज' ही मोहीम सुरू केली. 2016 मध्ये त्या गेल्या, पण तिथल्या हॉस्पिटलांत ते शब्द छापलेले बिल्ले अजून दिसतात. सविता म्हणाली, "तो पिवळा बिल्ला होय! आमच्या वॉर्डात हाय की. मला वाटलं कंपनीची जाहिरात." मग थोडं थांबून, "म्हणजे त्यांच्या लोकांना पण शिकवायलाच लागलं."

घरी तिनं काही सांगितलं नव्हतं. निकाल लांबलाय, एवढंच. बँड 3 च्या पगारातून हप्ता गेला की घरी पाठवायला थोडं उरायचं, आणि पगार का वाढला नाही याला रोज नवं कारण. मी "सांगून टाक" म्हटलं नाही. लपवण्याला दिवसातला किती वेळ जातो, तेवढं मोजायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी तिनं आधी सासूला फोन लावला, नवऱ्याला नंतर. नवरा पैशांचं बोलला, साहजिकच होतं. सासूनं विचारलं, "किती म्हयन्यांनी परत घेत्यात परीक्षा?" दहा दिवसांनी पण देता येते म्हटल्यावर म्हणाल्या, "म्हस दुसऱ्या गोठ्यात बांधली तर चार दिवस पान्हा सोडत न्हाई. तू तर माणूस." सविता हे सांगताना हसत रडत होती.

इथं एक सांगायला हवं. प्रत्येकीला मी "जा" म्हणत नाही. जर्मनीची वाट वेगळी. बी 2 पर्यंत जर्मन, मग तिथलं खातं तुमच्या अभ्यासक्रमाचे तास त्यांच्याशी ताडून कमी काय ते लेखी देतं, आणि ते भरून काढायला प्रशिक्षण किंवा परीक्षा. तोवर मदतनीस म्हणून काम. वर्ष-दीड वर्ष मदतनीस राहणं मनाला झेपेल का, हे एकीला मी चार वेळा विचारलं आणि ती थांबली, बरंच झालं. अमेरिकेची नर्सच्या लायसन्सची परीक्षा, एनसीएलईएक्स, बेंगळुरूत बसून देता येते, पण भारतीयांच्या ग्रीन कार्डाची रांग वर्षानुवर्षांची. आणि पैशांचं: ब्रिटनच्या भरती नियमांनुसार नर्सकडून नोकरी लावण्याचे पैसे घेता येत नाहीत. आपल्या सरकारनंही नोंदणीकृत एजंटला 30,000 रुपये आणि जीएसटी एवढीच मर्यादा घातली आहे. सविताकडून एकानं दोन लाख घेतले, पावती नाही. त्याचा राग तिला ऑस्कीपेक्षा उशिरा आला, पण आला.

जूनच्या शेवटी तिनं तीन स्टेशनं परत दिली. निकाल मेलवर कामाच्या पाच दिवसांत येतो. त्या पाच दिवसांत तिनं मला एकदाही फोन केला नाही, मीच दोनदा फोन हातात घेऊन ठेवला. पास. तिन्ही. परीक्षेत काय झालं विचारलं तर म्हणाली, रबरी हाताला नाव विचारलं, आणि परीक्षकबाईनं हाताच्या वतीनं उत्तर दिलं तेव्हा हसूच आलं.

पुढच्या रविवारची वेळ ठरलेली होती. शनिवारी रात्री तिचा मेसेज आला. "मॅडम, उद्या नाईट लागली. झोपायला पायजे. पुढच्या आठवड्यात बघूया की."