युद्धकाळात शाळकरी मुलांचं आयुष्य नेमकं कसं असतं?

शाळा बंद पडते आणि मुलं घरी बसतात, असं आपल्याला वाटतं. जपानच्या ओकिनावा बेटावर, दुसऱ्या महायुद्धात 1945 साली, तसं झालं नाही. मार्चमध्ये तिथल्या दोन मुलींच्या शाळांतल्या 222 विद्यार्थिनींना 18 शिक्षकांसोबत जपानी लष्कराच्या इस्पितळात कामाला नेलं. पंधरा ते एकोणीस वर्षांच्या पोरी! अमेरिकी सैन्याशी चाललेली लढाई लवकर आटपेल, मग अभ्यास पुढे चालू, या भरवशावर कित्येकींनी पाठ्यपुस्तकं बरोबर घेतली होती.

इस्पितळ म्हणजे डोंगर खणून काढलेली भुयारं. जखमांतले किडे काढायचे, कापलेले हातपाय बाहेर नेऊन टाकायचे, तोफगोळे पडत असताना पाणी आणि जेवण वाहून आणायचं. शाळेचा निरोप समारंभही 29 मार्चच्या रात्री, मिणमिणत्या उजेडात, तोफांच्या आवाजातच उरकला.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती 18 जूनची. त्या दिवशी लष्कराने मुलींचं हे पथक मोडलं आणि ‘आता आपापलं बघा’ म्हणत मुलींना भर लढाईत बाहेर काढलं. विद्यार्थिनी आणि शिक्षक मिळून 240 पैकी 136 जण मारले गेले, त्यातले बहुतेक या आदेशानंतरच्या काही दिवसांत.

वाचलेल्या मुलींनी म्हातारपणी पुढाकार घेऊन 1989 साली ‘हिमेयुरी’ (या पथकाचं नाव) संग्रहालय उभं केलं. तिथे मैत्रिणींचे फोटो भिंतीवर ओळीने लावलेत.